सेंट गॅलनचा मठ बघायचाय? तयारी वेरूळपासून सुरू करा

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पोरं आता झुरिक-म्युनिककडं चिक्कार झालीत, आणि मे महिना लागला की इकडच्या उकाड्यातून सुटून आई-वडील तिकडं जातात. मग दर शनिवारी पोरगं कुठं ना कुठं फिरवतं आणि तिसऱ्या-चौथ्या चर्चनंतर सगळ्यांचं एकच, "आणखी एक चर्च का, बरं चला, फोटो काढा." स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनचंही तेच होतं. बेनेडिक्टाइन संन्याशांचा एवढा जुना मठ, आता मठ राहिला नाही पण वास्तू जशीच्या तशी सांभाळलेली, १९८३ पासून जागतिक वारसा यादीत, आणि आपली माणसं पाऊण तासात बाहेर येऊन कॉफीला बसलेली. हे टाळायचं असेल तर थोडी तयारी लागते आणि ती तिकडं गेल्यावर होत नाही, इथं घरीच करावी लागते.

माझं म्हणणं एवढंच की मठ बघायचा तो राहतं घर म्हणून. देवळासारखं दर्शन घेतलं, छत बघितलं, निघालो, असं केलं तर हाती काही लागत नाही. एवढी माणसं जन्मभर एका आवारात राहायची तर झोपायची कुठं, पाणी यायचं कुठून, दळण कुठं, आजारी पडलं तर बघणार कोण, पाहुणा आला तर उतरवायचा कुठं, हे प्रश्न डोक्यात घेऊन फिरा. आणि हे प्रश्न आपल्याला नवीन थोडीच आहेत, अजिंठा-वेरूळच्या विहारांत हेच सगळं दगडात कोरून ठेवलंय. गंमत म्हणजे अजिंठा आणि वेरूळसुद्धा जागतिक वारसा यादीत १९८३ लाच गेलीत, सेंट गॅलनच्याच वर्षी.

आधी आपली लेणी

व्हिसाचे कागद जमवता जमवता एक दिवस वेरूळला काढा (मंगळवारी बंद असतं, गाडी काढायच्या आधी वार बघा). गेटमधून आत गेलं की सगळी गर्दी सरळ कैलासात घुसते, तुम्ही उजवीकडं वळा, बौद्ध लेण्यांकडं. ५ नंबरच्या लेण्यात मधोमध दोन लांबच लांब बुटके दगडी ओटे आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना खोल्या. हे ओटे जेवायच्या पंगतीसाठी की पाठांतराला बसायसाठी यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, पण तिथं जरा टेकून बघा की एवढी माणसं समोरासमोर बसली तर कशी दिसत असतील. १० नंबरला चैत्य, म्हणजे प्रार्थनेची जागा. आणि १२ नंबर म्हणजे तीन ताल, बाहेरून एकदम साधं, एखाद्या जुन्या कचेरीसारखं, पण जिने चढून वर जा, तीन मजले आहेत, खोल्यांवर खोल्या. म्हणजे प्रार्थना एकीकडं, झोपणं एकीकडं, एकत्र बसणं एकीकडं. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

अजिंठ्याला (तिथं सोमवारी सुट्टी) चित्रं तर बघालच, पण १२ नंबरचं जुनं लेणं सोडू नका, तिथं चित्रं नाहीत म्हणून गाईड पण घाईत पुढं नेतात. चौकोनी दालन, भोवती खोल्या, खोलीत झोपायचे दगडी ओटे. दाराच्या चौकटीत वर-खाली भोकं दिसतील, लाकडी दार फिरवायची. दार गेलं, माणसं गेली, भोक राहिलं. अशा भोकांकडं बघायची सवय लावून घ्या, युरोपात पण हीच कामाला येते. आणि एक तारीख लक्षात ठेवा, वाकाटक घराण्याचा राजा हरिषेण वारल्यावर अजिंठ्याचं काम साधारण ४८० च्या सुमारास थांबलं आणि त्याच सुमारास तिकडं इटलीत नुर्सिया गावात बेनेडिक्ट जन्मला, ज्याच्या नावाने हा पंथ चालतो.

संभाजीनगरात असाल तर पाणचक्कीला संध्याकाळी एक चक्कर टाका. तिथं हौदात मासे बघून आईस्क्रीम खाऊन यायची आपली पद्धत आहे, यावेळी चक्कीपाशी थांबा. हर्सूलकडून मातीच्या नळांतून पाणी आणलं, उंचावर चढवलं, चाकावर सोडलं आणि जातं फिरवलं, कशासाठी तर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात राहणारे फकीर आणि वाटसरू यांच्या पिठासाठी. बेनेडिक्टच्या नियमात ६६ वं प्रकरण अगदी हेच सांगतं, पाणी, चक्की, बाग, सगळं मठाच्या भिंतीच्या आतच असावं म्हणजे संन्याशांना बाहेर भटकायची वेळ येऊ नये. ज्याला पाणचक्की कळली त्याला बेनेडिक्टाइन मठाची निम्मी रचना कळली असं मी बिनधास्त म्हणतो.

नियम वाचून जा, लांब नाही

बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियमावली लिहिली, ७३ छोटी छोटी प्रकरणं. इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. सगळी वाचायची गरज नाही, मी म्हणेन २२, ३१, ३८ ते ४०, ५३ आणि ६६ एवढी वाचा, एका दुपारचं काम आहे. २२ मध्ये झोपायचं कसं ते आहे, शक्यतो सगळ्यांनी एकाच दालनात, प्रत्येकाला वेगळा बिछाना, रात्रभर दिवा, अंगावर कपडे आणि कंबरेला पट्टा तसाच ठेवून झोपायचं म्हणजे उठल्या उठल्या प्रार्थनेला पळता येतं, पण कमरेची सुरी मात्र काढून ठेवायची, नाहीतर झोपेत लागायची. किती बारीक विचार केलाय बघा. ३८ मध्ये जेवताना कुणी बोलायचं नाही, एकजण ग्रंथ वाचणार, मीठ हवं असेल तर खुणेनं मागायचं. ३९ आणि ४० मध्ये शिजवलेले दोन पदार्थ, दिवसाला साधारण पौंडभर पाव आणि थोडी वाईन, वाईन संन्याशांनी खरंतर पिऊच नये पण आजकाल हे त्यांना पटवणं अवघड आहे असं स्वतः बेनेडिक्टच लिहितो. ५३ पाहुण्यांचं, दारात आलेला प्रत्येकजण म्हणजे साक्षात ख्रिस्त आला असं समजा.

आणि ३१ वं कोठीवाल्याचं, म्हणजे भांडारप्रमुखाचं. मठातली भांडीकुंडी, अवजारं सगळी वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखी जपायची. फावडं आणि पूजेचं भांडं एका रांगेत! हे वाचून गेलात तर तिथल्या इमारती इतक्या निगुतीनं का सांभाळल्यात याचा थोडा अंदाज येतो.

दिवसाचं वेळापत्रक पण एकदा नजरेखालून घाला, रात्री एकदा आणि दिवसात सातदा प्रार्थना. आपल्याकडं काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत ज्यांनी मोठ्या देवस्थानाचा दिवस बघितलाय त्यांना यात वेगळं काही वाटणार नाही.

आता नकाशा, आणि हा भाग सोडू नका

सेंट गॅलनला जायचं खरं कारण म्हणजे एक नकाशा. साधारण ८२० ते ८३० च्या दरम्यानचा, चामड्याच्या पाच तुकड्यांना शिवून केलेला, लांबी ११२ सेंटीमीटर आणि रुंदी ७७ च्या आसपास. त्यावर आदर्श मठ कसा असावा ते लाल रेघांनी काढलंय, आणि ३०० हून जास्त ठिकाणी लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की हे काय, ते काय. जवळच्या रायखेनाऊ मठात तो तयार झाला आणि सेंट गॅलनचा मठाधिपती गोझबर्ट याला पाठवला. असा मठ प्रत्यक्षात कधी बांधलाच गेला नाही, पण त्या काळचा याच्याइतका तपशीलवार नकाशा दुसरा उरलेला नाही.

करायचं काय तर नेटवरून याची प्रत काढा, झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री साईजवर प्रिंट मारा, आणि पूर्व दिशा वर धरून जमिनीवर पसरा. घरात नातवंडं असतील तर रंगपेट्या द्या हातात. मधोमध चर्च. चर्चच्या दक्षिणेला म्हणजे उजव्या हाताला चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, वाड्याचा चौक असतो तसाच. चौकाच्या पूर्वेला झोपायचं दालन, नकाशात ७७ बिछाने काढलेत, आणि त्याच्या खाली ऊब देणारी खोली. दक्षिणेला भोजनघर. पश्चिमेला कोठार, पिंपं अगदी गोल गोल काढून दाखवलीत. हा चौक एकदा डोक्यात बसला की युरोपातल्या बहुतेक जुन्या बेनेडिक्टाइन मठात तुम्ही गाईडशिवाय फिरू शकता, कारण थोड्याफार फरकानं मांडणी हीच असते.

मग कडेकडेनं फिरा. दळायची आणि कांडायची जागा, भट्टी, बेकरी, बिअर करायची घरं (संन्याशांची वेगळी, बड्या पाहुण्यांची वेगळी, गरीब यात्रेकरूंची वेगळी, म्हणजे साक्षात ख्रिस्त समजा म्हटलं तरी पंक्तिप्रपंच होताच), मेंढ्या-शेरडं-गायींचे गोठे, वर उजव्या कोपऱ्यात कोंबड्या आणि हंसांसाठी गोल खुराडी. दफनभूमीत फळझाडं लावायची सोय केलीय, जागा वाया घालवायची नाही. वर डाव्या कोपऱ्यात वैद्याचं घर आणि त्याला लागून औषधी बाग, १६ वाफे, प्रत्येक वाफ्यावर नाव. आता ही नावं वाचा: जिरे, मेथी, बडीशेप, पुदिना, गुलाब. दुसऱ्या बाजूच्या भाजीच्या बागेत कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू. आल्प्सच्या पायथ्याला हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी शेपूचा वाफा आखून ठेवलाय, आमच्या घरात आजही निम्मी माणसं ती भाजी केली की ताटावरून उठतात.

हा नकाशा टिकला कसा तर कंजूषपणामुळे. बाराव्या शतकात कुणाला तरी लिहायला कोरं चामडं हवं होतं, त्याने याच्या पाठीवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं आणि घडी घालून पुस्तकासारखं ठेवून दिलं. लिहिता लिहिता पाठ पुरेना, तर पुढच्या बाजूला येऊन एक आख्खी इमारत खरवडून टाकली आणि तिथं उरलेला मजकूर घुसवला. तुमच्या प्रिंटवर खाली डावीकडं तो कोपरा सापडेल.

प्रत्यक्ष गेल्यावर

झुरिकहून रेल्वेनं साधारण तासाभराचा रस्ता आणि स्टेशनपासून मठ चालत. आधीच सांगतो, आत गेल्यावर दगडी कमानींचा मध्ययुगीन चौक शोधत बसू नका, आज जे उभं आहे ते बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकातलं, बरोक पद्धतीचं, पांढरं-सोनेरी-हिरवं, नक्षीवर नक्षी. म्हणून तर नकाशा आधी बघून जा म्हणतोय, जुना मठ कागदावर आणि नवा मठ दगडात, दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

मी सुचवतो तो क्रम असा, की आधी आत जाऊच नका. बाहेरच्या मोठ्या पटांगणात उभं राहून कुठल्या इमारतीत काय चालतं ते बघा. मग भिंत शोधा. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांत कॅथलिक-प्रोटेस्टंट अशी फूट पडली तेव्हा, गाव प्रोटेस्टंट झालं आणि मठ कॅथलिकच राहिला, रोजची कटकट नको म्हणून १५६७ मध्ये दोघांच्या मध्ये भिंत घातली. त्यानंतर लगेच मठाने गावाच्या तटबंदीत स्वतःचा वेगळा दरवाजा पाडून घेतला, कार्लसटोर नावाचा, म्हणजे मठाधिपतीला बाहेर पडायला प्रोटेस्टंट गल्लीतून जावं लागू नये. दरवाजा अजून आहे, जरूर बघा, भाऊबंदकीत वाड्याला दुसरं दार पाडलेलं आपण कमी बघितलंय का.

नंतर चर्च. रविवारी सकाळी जाऊ नका, प्रार्थना चालू असते, आणि ते आता कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे, म्युझियम नाही. टोपी काढायची, मोठ्यानं बोलायचं नाही, व्हिडिओ कॉल तर अजिबात नको.

मग ग्रंथालय, आणि इथं निवांत वेळ ठेवा. १७५८ ते १७६७ दरम्यान वास्तुकार पेटर थुम्बच्या देखरेखीखाली बांधलेलं दालन. दारावर ग्रीकमध्ये 'आत्म्याचा दवाखाना' अशा अर्थाची पाटी. जमीन लाकडी नक्षीची, ती खराब होऊ नये म्हणून बुटांवरून फेल्टच्या मोठ्या सपाता चढवायची पद्धत आहे. त्या घालून पाय उचलून चालायचं नसतं, घसटत जायचं, गुडघेदुखीवाल्यांनी हात धरायला कुणी तरी ठेवा. सगळे वर छताकडं माना करून बघतात, तुम्ही कपाटांकडं बघा, कपाटांच्या मध्ये छोट्या छोट्या बाळांच्या लाकडी मूर्ती आहेत आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा धंदा, एकजण माळीकाम करतोय, एकजण वैद्य. त्या शोधत फिरायला लहान पोरांना फार आवडतं. तिथं एक इजिप्शियन ममीही ठेवलीय, सगळी गर्दी तिच्याभोवती, माझ्या मते मठाशी तिचा काडीचा संबंध नाही, दोन मिनिटं बघा आणि सरका.

हस्तलिखितं २००० च्या वर. ती उरली त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, विबोराडा तिचं नाव. चर्चला लागून एका खोलीत स्वतःला चिणून घेऊन राहणारी साध्वी. ९२६ मध्ये हंगेरियन टोळ्या चालून येतायत असं कळल्यावर तिने सांगितलं, आधी पुस्तकं हलवा. पुस्तकं रायखेनाऊला गेली, ती मात्र खोली सोडून गेली नाही आणि मारली गेली. ग्रंथालयांची संत म्हणून तिला अजून मानतात.

नकाशाचा मूळ तुकडा वेगळ्या दालनात आहे आणि तो थोडा वेळच उजेडात आणतात, चामडं आणि शाई जपायची म्हणून. तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा. शिवण बघा, पाच तुकडे कुठं जोडलेत ते. खरवडलेला कोपरा बघा. घरी प्रिंटवर रंग भरलेला माणूस इथं त्या थोड्या वेळात जेवढं बघतो तेवढं बाकीच्यांना दिसत नाही.

टिकलं कसं ते पण बघा

१८०५ मध्ये नव्यानं झालेल्या कॅन्टनच्या (स्वित्झर्लंडमधल्या राज्याला कॅन्टन म्हणतात) सरकारने मठ बरखास्त केला. संन्यासी गेले, पण इमारती रिकाम्या पडल्या नाहीत, इथंच सगळी मेख आहे. चर्च बिशपकडं गेलं, ग्रंथालय चालू राहिलं, एका भागात शाळा, आणि मठाधिपतीच्या महालात कॅन्टनचं सरकार बसतं, अजूनही. म्हणजे कुणाला ना कुणाला रोज त्या छपराखाली बसायचंय, गळलं तर त्याच दिवशी कळणार.

गावाकडं ज्यांचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरची पुण्याला गेली, पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला कुणी उरलं नाही, की दोन-चार पावसात पाणी आत, मग छपराची लाकडं कुजतात, मग भिंत फुगते. आणि मग कुणीतरी शहाणा म्हणतो सिमेंट मारून घ्या. चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडत नाही, लोणा धरतो, म्हणजे भिंतीवर खार फुटतो, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. तिकडं गेल्यावर भिंतीच्या जवळ जाऊन दुरुस्ती शोधा, कुठला दगड नवा बसवलाय, रंगात फरक दिसतो का, पन्हाळी कुठून कुठं नेल्यात. मला विचाराल तर जुनी वास्तू बघताना छपराचं पाणी कुठं जातं हा पहिला प्रश्न असावा, छतावरची चित्रं नंतर.

सेंट गॅलन लांब पडत असेल तर

इंग्लंडला पोरगी असेल तर डरहॅम गाठा, १५३९ पर्यंत तो बेनेडिक्टाइन मठ होता, आणि तिथं तुम्हाला खराखुरा चौक मिळेल, ओवऱ्यांसकट, शिवाय संन्याशांचं झोपायचं दालन जुन्या लाकडी छपरासहित आणि अष्टकोनी स्वयंपाकघर. आपला रंगवलेला प्रिंट तिथं जास्त उपयोगी पडतो. फ्रान्सला गेलात तर माँ-सँ-मिशेल, तिथं खडकावर जागाच नाही म्हणून मठ उभा रचलाय, तीन मजल्यांत, खाली धान्यकोठार आणि दानाची जागा, मध्ये पाहुण्यांची दालनं, वर भोजनघर आणि चौक सुद्धा वरच. तीन ताल बघून गेला असाल तर तिथं आपसूक बोटं मोजायला लागाल. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १८६३ पर्यंत त्याचं तुरुंग केलं होतं, सामान वर ओढायला कैद्यांकडून फिरवून घ्यायचे ते भलंमोठं चाक अजून दाखवतात. माँ-सँ-मिशेलला पायऱ्या फार आहेत, सत्तरीच्या पुढच्यांनी विचार करून जावं.

खाण्याचं म्हणाल तर सेंट गॅलनचं सॉसेज प्रसिद्ध, त्याला मोहरीची चटणी लावली तर तिथले लोक नाराज होतात म्हणे, शाकाहारी मंडळींनी मात्र धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात नेलेली बरी, दही तिकडं कुठल्याही दुकानात मिळतं. सुट्ट्या आणि वेळा त्यांच्या वेबसाईटवर निघायच्या आदल्या दिवशी बघा.

आणि जायचा योगच नसेल तरी अडत नाही. स्वित्झर्लंडची हस्तलिखितं ई-कोडिसेस नावाच्या साईटवर फुकट ठेवलीत, सेंट गॅलनच्या ग्रंथालयात नकाशाचा नंबर १०९२ आहे, तो टाका आणि मोठ्या स्क्रीनवर झूम करत चला. लॅटिन येत नसेल तरी औषधी बागेतला मेथीचा वाफा सापडतो, 'फेनेग्रेका' असं लिहिलंय.